पूर्ण दिवसाची जागा

टकळीला हे नाव तिच्या बापानं ठेवलं. बाप एका गोदामावर रात्रपाळीचा पहारेकरी. रात्रभर जागायचा, दिवसा झोपायचा, आणि दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या पोटी अशी पोर यावी हा नशिबाचा खवचटपणा म्हणायचा, दुसरं काय. पोर चालायच्या आधी बोलायला लागली आणि मग थांबायचं नावच घेईना. बाप उशी कानावर दाबून म्हणायचा, "हिची टकळी बंद करा रे कोणीतरी." कोणी केली नाही. शाळेत मास्तरांनी बडबड करते म्हणून बाकावर उभं केलं, तर तिथून तिचा आवाज पार मागच्या रांगेपर्यंत जायला लागला, आणि मास्तरांनीच हात जोडून तिला खाली बसवलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. म्हणून तिला कोणी गुपित सांगत नसे, आणि तरी तिला सगळ्यांची सगळी गुपितं ठाऊक असत.

पण त्याच तोंडानं तिचं पोट भरलं, हेही कबूल करायला हवं. मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात धुलाईघर होतं. वरच्या सगळ्या मजल्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले तिथे येऊन पडायचे. रक्ताचे डाग आधी गार पाण्यात, कारण गरम पाणी लागलं की डाग कायमचा बसतो. मग मोठाल्या पिंपांसारखी फिरणारी यंत्रं, मग वाफेचे रूळ, आणि शेवटी दोघी दोन टोकांना उभ्या राहून घड्या घालणार. यंत्रांचा आवाज असा की शेजारची काय म्हणते ते कळायचं नाही. काम मागायला आलेल्या बायका मुकादमासमोर पुटपुटत होत्या, त्याला काही ऐकू येत नव्हतं. टकळी उभी राहिली आणि तिनं आपली सगळी जन्मकथा त्या गोंगाटात ऐकवली. मुकादम म्हणाला, "उद्यापासून ये. निदान आग लागली तर तुझी हाक तरी वर जाईल."

नवराही तिनं बोलूनच मिळवला. तो ट्रकवर क्लीनर होता, लाजाळू. त्याला विचारायचा धीर होईना, म्हणून हिनंच विचारलं, हिनंच हो म्हटलं आणि त्यानं मान हलवली. मुलगी झाली, आणि थोड्याच दिवसांत तो लांबच्या फेरीवर गेला तो गेलाच. गल्लीतली माणसं म्हणायची, बिचारा शांत झोपेच्या शोधात गेला असेल. टकळी स्वतःच हा विनोद लोकांना सांगून हसायची. हसताना तिला काय होत होतं ते कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं त्याचाही विनोदच केला असता.

जाताना तो आपली आई मात्र मागे ठेवून गेला. सासू काही सुनेला हार जाणारी नव्हती. एका खोलीत दोन बायका, दोघींच्या जिभा धारदार. मिठाचा डबा कोणी उघडा ठेवला इथून सुरुवात व्हायची आणि मेलेल्या माणसांपर्यंत जाऊन पोचायची. जिन्यातली माणसं कामं सोडून ऐकायची. पण दोघींचं एकमेकींवाचून चालत नव्हतं. सून धुलाईघरात गेली की नातीला सांभाळणार कोण, तर म्हातारी. आणि म्हातारीला खायला घालणार कोण, तर सून. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात, इथे दोघींचे तेच चार दिवस होते. नात आईच्याच वळणावर गेलेली. म्हातारी तिला रेडिओ म्हणायची. "बटण सापडत नाही गं हिचं," असं म्हणून तिचे गाल ओढायची.

एका सकाळी बादली कोणी पालथी घातली यावरून दोघींची जुंपली. म्हातारी ऐन रंगात आली होती. सुनेच्या माहेरचा उद्धार अर्ध्यावर आला असताना ती एकदम थांबली. तोंड उघडंच राहिलं. आज आपण जिंकलो, असं टकळीला वाटलं. तिनं म्हातारीच्या गप्प बसण्यावर आणखी दोन वाक्यं सुनावलीसुद्धा. मग म्हातारीच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळली आणि ती भिंतीला धरून बसत गेली. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

लकवा. डॉक्टर म्हणाले, जगेल, पण बोलेल असं वाटत नाही. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. समज तेवढी शाबूत राहिली, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

आता मुलीला सांभाळणार कोण? काही दिवस टकळीनं बाहेरून कडी लावून दोघींना खोलीत ठेवलं. एकदा म्हातारी खाटेवरून घसरून पडली. शेजारणीचा निरोप आला तेव्हा टकळी ओल्या हातांनी धुलाईघरातून पळाली. घरी येऊन बघते तर चार वर्षांची पोर आजीच्या डोक्याखाली उशी देऊन, तिच्या अंगावर पांघरूण घालून शेजारी बसलेली, आणि बोलून बोलून तिचा घसा बसलेला. दुसऱ्या दिवशी मुकादमानं ऐकवलं, "आणखी एकदा अशी मधूनच गेलीस तर परत येऊ नकोस. दारात बायका उभ्याच आहेत." तो खोटं बोलत नव्हता. बायका खरोखरच उभ्या असायच्या.

गल्लीच्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ सरकारी बालवाडी होती. फुकट. पूर्वी ती म्हणजे एक पत्र्याची खोली आणि एक डुलक्या घेणाऱ्या बाई. पोरं सकाळी जायची, पावडरचं दूध प्यायची, दोन गाणी ओरडायची आणि उन्हं चढायच्या आत घरी. मग वर कोणालातरी जाग आली. लहान वयात शिकवलं तर गरिबांची पोरं पुढे जातात, असा शोध लागला. शोध खरा होता, त्यात काही वाद नाही. पत्रे जाऊन स्लॅब पडला. पोरांच्या उंचीची बेसिनं आली, छोट्या खुर्च्या आल्या, गरम जेवण आलं, दुपारी झोपायला गाद्या आल्या आणि खरंच शिकलेल्या तरुण बाई आल्या, त्यांना सगळे धाकट्या बाई म्हणत. सकाळचा वर्ग सगळ्यांना होताच. शिवाय एक पूर्ण दिवसाचा वर्ग निघाला. त्यात सकाळी घातलेलं मूल दिवेलागणीला घेऊन जायचं. फक्त जागा थोड्या.

मग जागा कोणाला द्यायच्या? गरिबांना म्हणावं, तर त्या गल्लीत सगळेच गरीब. तेव्हा वरून नियम आला, की जी मुलं मागे पडली आहेत, ज्यांना बोलता येत नाही, रंग ओळखता येत नाहीत, त्यांना तपासणी करून आधी घ्यायचं. नियम करणाऱ्याचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूनं केलेल्या नियमांनी गल्लीत किती वाटोळं होतं, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. नुसतं गरीब असून भागेना, आता पोर मठ्ठही असावी लागली. टकळीच्या पोरीला सगळे रंग येत होते, वीसपर्यंत आकडे येत होते, आणि शेजारच्या घरातलं काल रात्रीचं भांडण दोन्ही बाजूंच्या आवाजांसकट करून दाखवता येत होतं.

"मग तिला गप्प बसव ना," इस्त्रीवाली म्हणाली. ही जिन्याखालच्या खोपटात इस्त्री करायची. कपड्यांना खुणेचे कागद टाचायच्या टाचण्या कायम तोंडाच्या एका कोपऱ्यात धरलेल्या, त्यामुळे बोलणं सगळं दुसऱ्या कोपऱ्यातून. "माझी धाकटी तपासणीच्या दिवशी नुसती रडली. एक अक्षर बोलली नाही. मिळाली जागा. तेवढा वेळ मुकी झाली तर काय बिघडतं?"

गरजवंताला अक्कल नसते. टकळीला ते लगेच पटलं. तिनं आधी त्याचा खेळ केला. मी बाई होते, तू मुकी हो. पोरगी मोजून दोन प्रश्न गप्प राहायची आणि तिसऱ्याला खुदकन हसून सगळं सांगून टाकायची. मग गोळ्यांचं आमिष झालं. पोरगी गोळी खायची आणि गोळी कुठल्या रंगाची होती ते सांगायची. मग चिमटे झाले. रडायची, पण रडताना का रडते आहे तेही बोलूनच सांगायची. तपासणी तोंडावर आली. टकळीचा जीव टांगणीला लागला आणि त्याबरोबर डोकं फिरलं.

म्हातारीला ती पेज भरवत होती. निम्मी पेज तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून बाहेर येत होती. तिनं पोरीची मान धरून तिला जवळ ओढलं, म्हातारीच्या तोंडापाशी नेलं.

"बघ. नीट बघ. हे तोंड बघितलंस? त्या बाईंसमोर एक शब्द जरी बोललीस ना, तर तुझं तोंड असं होईल. कायमचं."

पोरीनं बघितलं. म्हातारीनंही बघितलं, एकदा सुनेकडे, एकदा नातीकडे. घशातून घर्र असा आवाज काढण्यापलीकडे ती काही करू शकली नाही, आणि तो आवाज ऐकून तर पोरीची उरलीसुरली शंकाही गेली.

तपासणीच्या दिवशी आया बाहेर बाकावर बसल्या होत्या. दाराच्या काचेतून टकळीला दिसत होतं. तपासणीस बाई चित्रं दाखवत होत्या, हसत होत्या, बाहुली नाचवत होत्या. पोरगी दोन बोटांनी ओठ घट्ट धरून बसली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण बोटं सुटली नाहीत. टकळीला पोरीचा अभिमान वाटला. खरंच वाटला, ते लपवण्यात अर्थ नाही.

जागा मिळाली. आता शहाण्या बाईनं गप्प बसावं की नाही? पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. टकळीनं ही युक्ती धुलाईघरात घड्या घालताना सांगितली, नळावर सांगितली, जिन्यात सांगितली. पुढच्या खेपेला गल्लीत मुक्या पोरांची साथच आली. एकेक पोर तपासणीस बाईंसमोर दगडासारखं बसायला लागलं. सरकारी माणसं भोळी असतात, पण इतकी नसतात.

पण ते पुढे. आधीचे काही महिने टकळीचे सुखाचे गेले. सकाळी ती मुलीला वर्गाच्या दाराशी सोडायची, संध्याकाळी इस्त्रीवाली आपल्या धाकटीबरोबर तिलाही घेऊन यायची. दुपारी म्हातारीला पाणी पाजायला इस्त्रीवालीच एक चक्कर मारायची. कोणाला कडी लावावी लागत नव्हती. मुकादम खूश. वर्गात मुलगी अजून गप्प असते, धाकट्या बाई तिला मांडीवर घेऊन गोष्टी सांगतात आणि ती नुसती बघत राहते, असं इस्त्रीवाली सांगायची. टकळी म्हणायची, "राहू दे. जागा टिकेल." घरी आल्यावर मुलगी भडाभडा बोलायचीच की.

एका संध्याकाळी टकळी कामावरून आली ती चिडलेली. साबणसोड्यानं हात सोललेले, त्यात म्हातारीनं अंथरूण ओलं केलेलं. ते बदलून ती भरवायला बसली. मुलगी वाटी धरून शेजारी उभी. बराच वेळ विचार करून तिनं विचारलं,

"आई, आजी कोणासमोर बोलली होती?"

"काय?"

"तिचं तोंड असं झालं ना. ती कोणासमोर बोलली म्हणून झालं?"

दुसऱ्या एखाद्या बाईनं चल हट म्हटलं असतं, किंवा आपण काय सांगून बसलो होतो ते आठवून जीभ चावली असती. टकळीला दिवसभरात आपण काय बोललो ते रात्री आठवत नसे, मग काही महिन्यांपूर्वीचं कुठून आठवणार? तिला फक्त एक चांगला विनोद सुचला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"माझ्यासमोर," ती म्हणाली. "माझ्यासमोर लय तोंड चालवत होती. आता बघ कशी गप्प बसली आहे."

आणि ती हसली. म्हातारीच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. तेही टकळीनं पेजेच्या फडक्यानंच पुसलं. मुलीला मात्र कोडं सुटल्यासारखं झालं. ती तर त्या सकाळी दारातच उभी होती. आजी आईशी बोलत होती आणि बोलता बोलता तिचं तोंड वाकडं झालं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे बाईंचं काही नव्हतं. बाईंसमोर तर सगळी पोरं दिवसभर कलकलाट करायची आणि सगळ्यांची तोंडं सरळ होती. आईशी रोज बोलणारं आणखी एक माणूस होतं, इस्त्रीवाली. आणि तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. तोंडात धरलेल्या टाचण्या चार वर्षांच्या पोराला दिसत नाहीत.

त्या संध्याकाळपासून मुलगी आईसमोर बोलली नाही.

टकळीच्या हे लक्षात यायलाच कितीतरी दिवस लागले. कसं येणार? ती स्वतःच विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची. "भूक लागली ना? लागलीच असेल. आज काय शिकवलं? काही नसेल शिकवलं, ये बस." मुलगी मान हलवायची, तेवढ्यावर टकळीचं संभाषण छान चालायचं. लक्षात आल्यावर तिनं लाड केले, मग ओरडून पाहिलं, मग मारून पाहिलं. मुलगी मार खायची आणि रडून झाल्यावर भिंतीवरच्या फुटक्या आरशात ओठांचे कोपरे बोटांनी चाचपून बघायची. टकळीला वाटायचं, पोरगी नखरे करते.

आजीशी मात्र ती बोलायची. संध्याकाळी आई यायच्या आधी म्हातारीच्या उशाशी बसून वर्गातलं सगळं सांगायची. आजीचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, तिच्यासमोर भ्यायचं कारण नव्हतं. जिन्यावर टकळीच्या चपला वाजल्या की गप्प. म्हातारी एकटीच काय ते ओळखून होती, आणि ओळखून ती कोणाला सांगणार होती?

म्हातारी गेली ती सुट्टीच्या दिवशी, सगळे घरात असताना. श्वास लागला. इस्त्रीवाली वर आली, तिनं म्हातारीचे तळवे चोळले. म्हातारीची नजर नातीवर खिळली होती.

"बोल गं आजीशी," इस्त्रीवाली मुलीला म्हणाली. "हाक मार एकदा. वाट बघते आहे ती."

मुलीनं आजीकडे बघितलं. मग खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आईकडे बघितलं, आणि ओठ आत ओढून घेतले. टकळीनं तिला पाठीत धपाटा घातला. तरी नाही. म्हातारी तशीच वाट बघत गेली.

"कार्टीला काळीज नाही," इस्त्रीवाली जिना उतरताना म्हणाली. टकळीला राग आला, पण तिलाही तेच वाटत होतं.

वर्ष सरता सरता वरून दुसरा नियम आला. मुक्या पोरांची साथ वरपर्यंत पोचली होती. ठरलं असं की पूर्ण दिवसाच्या वर्गातल्या सगळ्या मुलांची पुन्हा तपासणी होणार. ज्यांची प्रगती झाली त्यांचं काम झालं, त्यांनी सकाळच्या वर्गात जायचं आणि त्यांची जागा दुसऱ्या मागे पडलेल्या मुलाला द्यायची. जी तशीच राहिली ती राहतील. म्हणजे शिकलं की बाहेर, न शिकलं की आत. आणि आया बाहेरून काचेतून खुणा करतात अशा तक्रारी होत्या, निकालावर भांडणंही झाली होती. म्हणून या वेळी आईला खोलीतच, पण पडद्यामागे बसवायचं. ऐकू सगळं येईल, मुलाला आई दिसणार नाही.

त्याच आठवड्यात इस्त्रीवाली जिन्यात थांबली. टाचण्या काढून हातात घेतल्या. म्हणजे बोलणं महत्त्वाचं होतं.

"तुझी पोरगी वर्गात बोलते."

"कोण म्हणतं?"

"मी न्यायला गेले की गप्प असते. आज लवकर गेले, तर कानांनी ऐकलं. धाकट्या बाईंच्या मागे मागे फिरते आणि नुसती बोलत असते. गोष्टी रचून सांगते. बाई म्हणाल्या, किती तरी दिवस झाले, आता थांबतच नाही. आवाज थेट तुझा."

टकळी जिन्यावर बसली. एवढे महिने घरात एक शब्द नाही, आणि तिकडे त्या परक्या बाईला गोष्टी? घरी जाऊन तिनं मुलीला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. "माझ्याशी का नाही बोलत? मी काय पाप केलंय?" मुलीनं ओठ गच्च मिटून घेतले आणि हातांनी झाकले. टकळी तिथेच खाली बसून रडली, आणि रडतानाही बोलत राहिली.

"तपासणीच्या दिवशी काय करशील?" इस्त्रीवालीनं दुसऱ्या दिवशी विचारलं. "बोलली तर जागा गेली. आता तर म्हातारीही नाही. दुपारपासून रात्रीपर्यंत पोरीला एकटीला कडी लावणार? मागे सांगितलं होतंस तसंच सांग तिला. माझी धाकटी तर पढवून तयार आहे."

टकळीला सगळं कळत होतं. जागा गेली की एकतर पोर बंद खोलीत, नाहीतर धुलाईघर सुटलं. तपासणीच्या सकाळी तिनं मुलीची वेणी घातली, हात धरला आणि दोघी निघाल्या. आज बोलू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. गल्ली संपेपर्यंत ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. टाकीपाशी मुलीचे बूट ओले होऊ नयेत म्हणून तिनं तिला उचलून पलीकडे ठेवलं, तेव्हाही होतं. पण पडद्यामागे बसल्यावर आपल्याला तिचा आवाज ऐकू येईल, हेही तिच्या मनात होतं. बाकी काही नको, एकदा ऐकायचा होता. वर्गाचं दार आलं. जन्मात पहिल्यांदा टकळीनं तोंडातला शब्द गिळला. मुलगी आत पळाली.

पडदा रुग्णालयातलाच होता, चाकांच्या चौकटीवरचा हिरवा. असे पडदे टकळीनं कितीतरी धुतले होते. तिला त्याच्यामागे खुर्चीवर बसवलं, मग धाकट्या बाई मुलीला घेऊन आल्या.

"हे काय आहे?" तपासणीस बाईंनी विचारलं.

"छत्री," मुलगी म्हणाली. "पण मोडकी आहे. एक काडी बाहेर आली आहे, ती डोळ्यात जाईल."

टकळीनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. आवाज थोडा बदलला होता, जाड झाला होता. तिनं तो असा कधी ऐकलाच नव्हता. मुलगी रंग सांगत होती, वस्तू मोजत होती, चित्रातल्या कुत्र्याला नाव ठेवून त्याची आई कुठे गेली ते सांगत होती. तपासणीस बाई हसत होत्या. मध्येच मुलीनं त्यांनाच विचारलं की तुम्हाला एवढं सगळं येत नाही का, म्हणून मला विचारता? टकळी पडद्यामागे तोंडात पदर कोंबून हसत होती आणि रडत होती. जागा गेली हे तिला तिसऱ्याच उत्तराला कळलं होतं. जाऊ दे, गेली तर गेली. धुलाईघरही गेलं तर जाऊ दे. या पोरीला घेऊन आज घरी जायचं आणि रात्रभर बोलायचं, असं ती मनात म्हणत होती.

"शाबास," तपासणीस बाई म्हणाल्या. "ही मुलगी मागे वगैरे अजिबात नाही. पुढच्या महिन्यापासून सकाळच्या वर्गात." मग त्यांनी उठून पडदा बाजूला सरकवला.

मुलीला आई दिसली. हसू होतं तिथेच थांबलं आणि ओठ मिटले.

धाकट्या बाई आनंदानं पुढे आल्या. त्यांनी टकळीचे हात हातात घेतले. "ऐकलंत ना? अहो, आमच्या वर्गात हिच्याएवढं कोणी बोलत नाही. इस्त्रीवाल्या बाई सांगत होत्या, तुमची फार इच्छा होती, की ती एकदा—"

मुलगी धावत आली. तिनं बाईंच्या कुडत्याची बाही धरली आणि जिवाच्या आकांतानं त्यांना मागे ओढायला लागली. बाई वाकल्या. मुलीनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. लहान मुलांचं कुजबुजणं ते, सगळ्या खोलीला ऐकू आलं.

"बाई, तुम्ही तिच्यासमोर बोलू नका. आजी तिच्यासमोर बोलली, म्हणून आजीचं तोंड वाकडं झालं. मग आजी मेली."

बाईंना हसू आलं. "असं कोणी सांगितलं तुला?"

मुलीनं आपला तळहात बाईंच्या तोंडावर दाबून धरला आणि आईकडे बघत राहिली.

पेजेची वाटी, म्हातारीचा डोळा, आपण केलेला विनोद, सगळं टकळीला एका क्षणात आठवलं. तिनं बाईंच्या हातांतून आपले हात काढून घेतले.

"सकाळच्या वर्गाला तुमची काही हरकत नाही ना?" तपासणीस बाईंनी कागद आवरत विचारलं. "काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा."

सांगायचं होतं. टकळीनं ओठ उघडले, तशी मुलगी बाईंना घट्ट बिलगली आणि तिनं डोळे मिटून घेतले. टकळीनं नुसती मान हलवून नाही म्हटलं.